पोस्टकार्डाची परीक्षा

शेवटचं पोस्टकार्ड तुम्ही कधी लिहिलंत, आठवतंय? बहुतेकींना नक्की सांगता येणार नाही. ‘ती. आईस शि. सा. न.’पासून सुरू होऊन ‘कळावे, लोभ असावा’पर्यंत, पत्त्याच्या बाजूलाही बारीक अक्षरात मजकूर कोंबलेलं ते पिवळट कार्ड! पन्नास पैशांत माहेरची खुशाली कळायची. पोस्टमननं वाचलं, शेजारणीनं वाचलं तरी कुणाला राग नसायचा, कारण उघडं कार्ड म्हणजे सगळ्यांचंच. वाईट बातमीचं कार्ड मात्र वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हा दंडक. पुढे फोन आले, मोबाइल आले आणि कार्ड मागे पडत गेलं.

तिकडे अमेरिकेत मात्र या कार्डाला पुन्हा दिवस आले, आणि तेही निवडणुकीच्या निमित्तानं. २०१७ च्या मार्चमध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका पोटनिवडणुकीसाठी ‘पोस्टकार्ड्स टू व्होटर्स’ ही मोहीम सुरू झाली. कल्पना अगदी साधी. स्वयंसेवकाला मतदारांचे पत्ते मिळतात, काय लिहायचं त्याचे दोन-तीन मुद्दे मिळतात. कार्ड आपलं, पेन आपलं, तिकीटही आपल्याच पैशांचं. त्यानंतर अशा मोहिमा पुष्कळ निघाल्या. ‘रिक्लेम अवर व्होट’ ही त्यातलीच एक, २०१८ पासूनची. तिचा सगळा भर दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गौरेतर मतदारांवर. अमुक पक्षाला मत द्या असं ती सांगत नाही. ‘तुमचं नाव यादीत आहे ना, एकदा बघून घ्या, आणि मतदानाला जा,’ एवढंच सांगते.

लिहिणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा. निवृत्त शिक्षिका, आज्या, ऑफिसातून आलेल्या आया. आपल्याकडे उन्हाळ्यात चार जणी पापड लाटायला जमतात ना, तशा त्या एकीच्या जेवणाच्या टेबलाशी जमतात. कॉफीचा थर्मास, रंगीत पेनं, तिकिटांची गुंडाळी आणि समोर अनोळखी नावांची यादी. एकेका बैठकीत शेकडो कार्डं हातावेगळी होतात.

आता प्रश्न असा, की हजारो बायकांच्या या कष्टानं मतदान खरंच वाढतं का? कार्ड मिळालेला बावीस वर्षांचा मुलगा उठून मतदान केंद्रावर जातो का, की पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर ते कार्डही कचऱ्याच्या डब्यात जातं? प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर शोधायला लोकांनी काय काय केलं, ते मात्र वाचण्यासारखं आहे.

तरुण आणि त्यातही अल्पसंख्य

आधी हे पाहू, की कार्डं नेमकी याच मुलांना का पाठवायची. तिकडे अल्पसंख्य म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतले (त्यांना लॅटिनो म्हणतात), आशियाई, मूळनिवासी. आपली न्यू जर्सीतली, कॅलिफोर्नियातली भाचरं-पुतणीही तिकडची नागरिक झाली की याच यादीत, आशियाई या रकान्यात.

अठरा वर्षांच्यांना मताचा हक्क तिकडे १९७१ साली मिळाला, आपल्याआधी. पण मिळालेला हक्क वापरणारे कमी. अध्यक्ष निवडायचा नसतो अशी मधली निवडणूक असली की तर फारच कमी. अमेरिकी जनगणना विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०१४ साली अठरा ते एकोणतीस या वयातल्या शंभरांतल्या अवघ्या २० जणांनी मत दिलं. २०१८ साली तो आकडा ३६ वर गेला आणि सगळ्यांना कोण आनंद झाला! पण त्याच वेळी पासष्टीच्या पुढच्या शंभरांतले ६६ जण केंद्रावर गेले होते. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोऱ्यांचं मतदान जवळजवळ ७१ टक्के होतं. कृष्णवर्णीयांचं ६३ च्या आसपास, आशियाईंचं ६० आणि लॅटिनोंचं ५४ टक्के. म्हणजे वयानं तरुण आणि वर्णानं अल्पसंख्य, अशा मुलांवर दोन्हीकडून वजाबाकी.

‘आजकालच्या मुलांना काही पडलेलीच नसते,’ असं आपण पटकन म्हणून मोकळ्या होतो. थोडं थांबा. आपल्याकडे मतदानादिवशी सुट्टी असते. तिकडे १८४५ च्या कायद्यानं नोव्हेंबरातला एक मंगळवार ठरलेला आहे आणि देशभराची अशी सुट्टी नाही. हॉटेलात किंवा गोदामात तासावर काम करणाऱ्या मुलीनं रांगेत दोन तास उभं राहायचं म्हणजे दोन तासांची मजुरी बुडवायची. आपल्याकडे यादीचं काम घेऊन बीएलओ दारात येतो. तिकडे बऱ्याच ठिकाणी स्वतःहून नाव नोंदवायचं, घर बदललं की पत्ताही आपणच कळवायचा. आणि तरुण मुलं घर बदलतात ती वर्षा-वर्षाला. टेक्सासमध्ये तर मतदानाला पिस्तुलाचा परवाना ओळखपत्र म्हणून चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही!

ओहायो राज्यात तर एक कार्डच मतदाराच्या मुळावर येऊ शकतं. दोन वर्षं मतदान केलं नाही की तिथलं निवडणूक कार्यालय मतदाराला एक जोडकार्ड पाठवायचं, ‘पत्ता तोच आहे ना, कळवा.’ ते कार्ड परत पाठवलं नाही आणि पुढची चार वर्षंही मत दिलं नाही, तर नाव यादीतून काढायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयानं ही पद्धत वैध ठरवली. न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी विरोधी मत नोंदवताना लिहिलं, की याचा फटका अल्पसंख्य आणि गरीब मतदारांना जास्त बसतो. म्हणजे पोस्टानं आलेल्या एका कार्डानं नाव जाऊ शकतं आणि स्वयंसेविकांनी लिहिलेलं दुसरं कार्ड म्हणतं, बाई गं, नाव आहे का बघ!

आणि हा हक्क मुळात मिळालाय तो कसा? मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची बाई होती. वीस भावंडांतली धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. आपल्याला मत देता येतं हे तिला कळलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती! १९६२ च्या ऑगस्टमध्ये सतरा जणांबरोबर बसनं तालुक्याच्या गावी ती नाव नोंदवायला गेली. तिथं राज्यघटनेवरची ‘परीक्षा’ घेऊन तिला नापास केलं. घरी येते तो मळ्याच्या मालकाचा निरोप तयार: अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षं जिथं राबली ते घर तिनं त्याच रात्री सोडलं. पुढच्या वर्षी पोलीस कोठडीत तिला इतकं मारलं, की त्या दुखण्यानं तिची जन्मभर पाठ सोडली नाही. या परीक्षांना खरा आळा बसला तो १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं. ही काही फार जुनी गोष्ट नाही. आज जी मुलगी विशीत आहे, तिच्या आजीनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं.

एकाच पिठाची दोन पातेली

आता परीक्षेकडे येऊ. समजा, तुम्ही दोनशे कार्डं लिहिलीत आणि त्यातल्या शंभर जणांनी मत दिलं. तुम्ही म्हणणार, ‘बघा, कार्डाचा गुण!’ पण कार्ड नसतं आलं तर त्यातले नव्व्याण्णव गेले नसतेच, हे कशावरून?

इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, म्हणून कुणीतरी सांगतं मेथ्या घाल. तुम्ही घालता आणि पीठ फुगतं. पण त्या दिवशी हवाही गरम झाली असेल तर? खरं कळायचं तर एकाच दिवशी, एकाच पिठाची दोन पातेली करायची. एकात मेथ्या, एकात नाही. बाकी ओटा तोच, झाकण तेच, वेळ तीच. सकाळी दोन्ही उघडून बघायची.

मतदारांचंही तसंच करतात. यादीतली नावं घेऊन सोडत काढायची, आपण भिशीच्या चिठ्ठ्या काढतो तशी. अर्ध्यांना कार्ड, अर्ध्यांना नाही. कुणाला पाठवायचं हे लिहिणारीनं ठरवायचं नाही, कारण ती नकळत ‘शहाणी’ वाटणारी नावं निवडेल. मतदान झालं की दोन्ही गटांतले किती गेले ते मोजायचं. मोजता कसं येतं? तर तिकडे कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण मत दिलं की नाही याची नोंद सरकारी यादीत असते आणि ती यादी मागून मिळते. आपल्याला हे जरा विचित्रच वाटतं, पण या सगळ्या शास्त्राचा पाया तोच आहे.

यातला पहिला मोठा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तोही टपालाचाच. शिकागो विद्यापीठातल्या हॅरल्ड गॉस्नेल यांनी १९२४ साली शहरातले सुमारे सहा हजार लोक निवडले. काहींना नाव नोंदवण्याची आठवण करणारी पत्रकं टपालानं पाठवली, काहींना नाही. नवीन आलेल्यांसाठी पोलिश, चेक आणि इटालियन भाषांत पत्रकं छापली होती. ज्यांना पत्रकं गेली, त्यांच्यात नोंदणी जास्त दिसली. त्याच सुमाराच्या त्यांच्या आणखी एका पाहणीत, मत न देण्याच्या कारणांत ‘बायकांनी मत देणं पटत नाही’ हेही एक कारण नोंदलेलं आहे, आणि ते सांगणाऱ्या बायकाच होत्या. देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळून तेव्हा तीन-चार वर्षंच झाली होती. (त्याच शिकागोत २०११ च्या एका निर्णयानंतर मतपत्रिका हिंदीतही मिळायला लागली, हे जाता जाता.)

पुढे बराच काळ हे काम मागे पडलं. १९९८ साली येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोघांनी न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर सोडत काढून पुन्हा प्रयोग केला. काहींच्या दारी माणसं पाठवली, काहींना फोन केले, काहींना टपालानं पत्रकं पाठवली. निकाल पाहून भले भले प्रचारप्रमुख हिरमुसले असतील. दारात जाऊन ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्यात शंभरामागे आठ-नऊ मतदार वाढले. भाड्यानं लावलेल्या माणसांच्या फोनांचा काही उपयोग दिसला नाही. आणि टपालानं? एका पत्रकामागे शंभरात जेमतेम अर्धा.

अर्धा माणूस कसा मत देईल, असं विचारू नका! दोनशे पत्रकांमागे एक जास्तीचा मतदार, असं म्हणूया.

इथंच परीक्षेची खरी अडचण आहे. परिणाम एवढा बारीक असेल तर तो दिसायला मतदार फार लागतात. मी गणित मांडून पाहिलं. मतदान छत्तीस टक्क्यांच्या आसपास असेल आणि तुम्ही दोनशे जणांना कार्डं पाठवून दुसऱ्या दोनशेंशी तुलना केलीत, तर दोन्ही गटांत नुसत्या योगायोगानंच आठ-नऊ टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यात अर्ध्या टक्क्याचं कार्ड कुठं शोधणार? ज्वारीच्या पोत्यात हरवलेली मोहरीच ती. वीस-वीस हजारांचे गट केलेत तर योगायोगाचा हिस्सा एक टक्क्याच्या आत येतो, तरी अर्धा टक्का त्यातही बुडू शकतो. म्हणून एखादी मोहीम पाच-सहाशे कार्डांवरून ‘आमच्या कार्डांनी मतदान चार टक्के वाढलं’ म्हणाली, तर आनंद मानावा, पण विश्वास जरा बेतानं ठेवावा.

चारचौघांत नाव

टपालाचा जोर कधीच दिसला नाही असंही नाही. २००६ साली मिशिगन राज्यात एक लाख ऐंशी हजार घरांवर प्रयोग झाला. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यातलं मतदान २९.७ टक्के. ‘मत देणं हे कर्तव्य आहे’ असं ज्यांना कळवलं त्यांचं ३१.५. आणि ज्यांच्या पत्रात त्यांनी स्वतः आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मत दिलं होतं की नाही याची नावानिशी यादी होती, आणि पुढच्या खेपेला शेजाऱ्यांना तुमचंही कळवू असा इशारा होता, त्यांचं चक्क ३७.८ टक्के! आपल्या चाळीत, वाड्यात हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ ही शक्ती काय चीज आहे, हे आपण जन्मापासून जाणतो. पण लोक यावर चिडलेही फार. एखाद्या अल्पसंख्य मुलीला, जिच्या आजीला मताच्या नादात नोकरी गमवावी लागली, तिला ‘तुझ्यावर लक्ष आहे’ असं पत्र पाठवणं मला तरी बरं वाटत नाही. हाताने लिहिलेलं कार्ड याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्यात धाक नसतो. कुणीतरी अनोळखी बाई आपलं नाव घेऊन आपल्यासाठी दहा मिनिटं बसली होती, एवढंच त्यात असतं.

हस्ताक्षराचा गुण असतो का? टेक्सासमधल्या एका प्राध्यापकांनी, रँडी गार्नर यांनी, एक मजेदार प्रयोग केला होता. सहकाऱ्यांना लांबलचक प्रश्नावली भरायला पाठवली. काहींच्या प्रश्नावलीवर चिकटपट्टीचा छोटा कागद लावून हाताने विनंती लिहिली. असा कागद लावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी प्रश्नावली भरून पाठवली. नुसती छापील गेलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त जणांनी. अक्षर पाहिलं की माणूस दिसतो, हे खरंच. पण टेबलावरची प्रश्नावली भरणं वेगळं, आणि मंगळवारी कामावरून सुटून रांगेत उभं राहणं वेगळं.

आता अल्पसंख्य मतदारांचं पाहू. इथं आपल्याला जवळचे वाटतील असे दोन प्रयोग आहेत, दोन्ही २००५ साली प्रसिद्ध झालेले. जनेल वाँग यांनी २००२ च्या निवडणुकीआधी लॉस एंजेलिस परिसरातल्या आशियाई मतदारांना फोन केले, टपाल पाठवलं. त्यात चिनी, कोरियन, फिलिपिनो यांच्याबरोबर भारतीयही होते. काही गटांत मतदान वाढलं, सगळ्यांत नाही. नीमा त्रिवेदी यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या भारतीय घरांना पत्रकं पाठवली. कुणाला ‘भारतीय म्हणून’, कुणाला ‘अल्पसंख्य म्हणून’, कुणाला ‘अमेरिकी नागरिक म्हणून’ मत द्या असं आवाहन. वाटलं होतं ‘भारतीय’ म्हटल्यावर लोक जास्त धावतील. तिन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही! लॅटिनो मतदारांबद्दल रिकार्डो रामिरेझ यांनाही असंच दिसलं: माणसानं केलेला फोन उपयोगी, टपाल आणि ध्वनिमुद्रित फोन जवळजवळ निरुपयोगी.

यातलं सगळ्यात मोठं काम दोन बायकांचं. लिसा गार्सिया बेडोया आणि मेलिसा मिकेल्सन यांनी कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वस्त्यांमध्ये तब्बल २६८ प्रयोग केले. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०१२ साली आलं. कधीच मत न देणारी म्हणून पक्षांनी ज्यांची नावं सोडून दिली होती, ती माणसं दारात कुणी आलं, फोनवर कुणी आपुलकीनं बोललं, पुन्हा एकदा फोन केला, की जातात. नुसत्या टपालानं फारशी जात नाहीत. त्यांना जे जाणवलं ते असं, की ‘तूसुद्धा मतदार आहेस’ हे या माणसांना आयुष्यात कुणी समोर येऊन सांगितलेलंच नसतं.

हाताने लिहिलेल्या कार्डांचे आकडेही मोहिमेगणिक वेगळे येतात. कुठं एक टक्क्याच्या आत वाढ, कुठं काहीच नाही. कार्डाचंच भावंड म्हणजे ‘व्होट फॉरवर्ड’ची पत्रं. छापील पत्रात ‘मी मत देते, कारण…’ एवढं लिहून पुढची ओळ स्वयंसेवकानं हाताने भरायची. २०२० साली त्यांनी एक कोटी शहात्तर लाख पत्रं पाठवली आणि नंतर स्वतःच मोजून सांगितलं, वाढ एका टक्क्याहून कमी. सोडत काढून, काहींना मुद्दाम वगळून, आलेला बारीक आकडा न लपवता सांगायचा, याला हिंमत लागते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रायन एनॉस, अँथनी फाउलर आणि लिन व्हावरेक यांनी २०१४ साली जुने बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. ‘मत द्या’ म्हणणाऱ्या मोहिमांनी वाढ होते खरी, पण ती बहुतेकदा आधीच मत देण्याकडे कल असलेल्यांत. जे मागे आहेत ते मागेच राहतात आणि दरी उलट रुंदावते. पंगतीत ज्याचं ताट भरलेलं त्यालाच आग्रह करावा, तसं हे. म्हणून ‘कार्डानं सरासरी एवढं वाढलं’ हे पुरत नाही. तरुण अल्पसंख्य मुलांची वेगळी सोडत काढून, त्यांच्यातच किती वाढलं ते पाहायला हवं. आणि गट दोन नाही, तीन हवेत. एकाला काही नाही, एकाला छापील कार्ड, एकाला हाताने लिहिलेलं. नाहीतर गुण हस्ताक्षराचा की नुसत्या आठवणीचा, हे कसं कळणार?

कार्ड उचलतं कोण?

या मुलांपर्यंत कार्ड पोचतं तरी का? यादीतला पत्ता असतो आई-वडिलांचा. मुलगा कॉलेजच्या गावी किंवा चौघांत भाड्यानं घेतलेल्या खोलीत. मग टपालपेटीतून ते कार्ड बाहेर काढते कोण? त्याची आई! आणि उघडं कार्ड तर सगळ्यांचंच, हे आपण सुरुवातीलाच म्हटलं. ती वाचते, फ्रिजवर लावते आणि लेकाला फोन करते, ‘अरे, तुझ्या नावानं कार्ड आलंय, कुणा बाईनं किती छान अक्षरात लिहिलंय बघ. नाव आहे ना यादीत?’ असं किती घरांत होतं हे मोजणं अवघड, पण घरातल्या घरात मतदान पसरतं याला पुरावा आहे. डेव्हिड निकरसन यांनी २००२ साली डेन्व्हर आणि मिनिआपोलिस या शहरांत दोन-दोन मतदार असलेल्या घरांची सोडत काढली. काही दारांत मतदानाबद्दल बोलले, काही दारांत कचरा वेगळा करण्याबद्दल. मतदानाचं ऐकून दार उघडणाऱ्यावर जेवढा परिणाम झाला, त्याच्या साधारण साठ टक्के परिणाम घरातल्या दुसऱ्या माणसावर झाला, ज्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

एकदा गेलेला मतदार पुढच्या वेळीही जाण्याची शक्यता वाढते, हेही न्यू हेवनच्याच मतदारांत वर्षभरानं दिसलं होतं. म्हणजे विशीत मिळालेलं एक मत पुढे मुरतही असावं, विरजणासारखं.

तरी हिशोब चुकत नाही. दोनशे कार्डांना एक जास्तीचं मत, असं धरा. कार्डाचं तिकीट २०२५ च्या जुलैपासून ६१ सेंटचं झालं. दोनशे कार्डांना १२२ डॉलर फक्त तिकिटांचे, कार्डांचा खर्च वेगळा. एका कार्डाला पाच मिनिटं धरली तर साडेसोळा तास, म्हणजे दोन कामाचे दिवस. तेवढ्या वेळात आपल्याच भागातल्या कितीतरी दारांवर जाऊन येता येईल. पण गुडघे दुखणाऱ्या आजीनं दारोदार कसं फिरायचं? दुसऱ्या राज्यातल्या मुलीच्या दारात ती कशी जाणार? आणि अनोळखी वस्तीत संध्याकाळी एकट्या बाईनं दारं ठोठवायची, हेही सगळीकडे जमण्यासारखं नाही. टेबलाशी बसून ती जे करू शकते, ते करते. तिच्या या वेळेची किंमत शून्य धरून ‘टपाल स्वस्त पडतं’ म्हणणाऱ्या प्रचारप्रमुखांवर मात्र माझा राग आहे. बायकांचं फुकटचं काम हिशोबात न धरण्याची सवय सातासमुद्रापारही तीच!

एका मतानं काय होतं, असं कुणी विचारलंच तर व्हर्जिनियाची गोष्ट सांगते. २०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या विधानसभेच्या ९४ व्या मतदारसंघात डेव्हिड यान्सी आणि शेली सिमंड्स लढले. फेरमोजणीत शेलीताई एका मतानं पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादातली मतपत्रिका समोरच्याच्या पारड्यात टाकली आणि दोघांची मतं झाली ११,६०८ आणि ११,६०८. मग २०१८ च्या ४ जानेवारीला एका मातीच्या वाडग्यात दोन नावं टाकून एक काढलं. निघालं यान्सी यांचं. त्या एका चिठ्ठीनं सभागृहातलं बहुमतही ठरलं, ५१ विरुद्ध ४९. पुढच्या, २०१९ च्या निवडणुकीत शेलीताई निवडून आल्या ती गोष्ट वेगळी. पण त्या मतदारसंघात कुणी दोनशे कार्डं कमी लिहिली असतील, तर तिला झोप लागली असेल का?

ज्यांना सोडतीत कार्ड आलं नाही त्यांचं काय, हा प्रश्नही कार्यकर्त्या बायका विचारतात. मुद्दाम काहींना वगळायचं, हे जिवावर येतं. त्यावर प्रयोगवाले म्हणतात, कार्डं आणि हात मोजकेच असतात, सगळ्यांना लिहिणं होतच नाही. कुणीतरी राहणारच, मग कोण राहील हे चिठ्ठीनं ठरलेलं काय वाईट?

आपल्याकडेही निवडणूक आयोगाच्या मतदार जागृतीत शाळेतली मुलं आई-बाबांना ‘संकल्पपत्र’ लिहितात. तुमच्याकडेही आलं असेल. पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं आपण त्यावर सही करतो आणि मूल ते दुसऱ्या दिवशी बाईंना परत देतं. त्या सहीनं किती जणी केंद्रावर गेल्या हे शोधायचं तर आपल्याकडे कुणी मत दिलं याची यादी अशी सहज हाती येत नाही, ही पहिली अडचण. आणि दुसरी, सोडत काढून निम्म्या शाळा वगळाव्या लागतील. तुमची शाळा वगळली तर चालेल का, हे मुलांच्या मुख्याध्यापिकाबाईंना एकदा विचारून बघा!